कोपराचं पान

दस्तगीरच्या रद्दीत ते पुस्तक आलं,
बेळगावच्या कुणा डॉक्टर झालेल्या पोराचं,
किलोच्या भावानं.
सत्तावन्न ते साठ, पानं नव्हती.
ती कशाची, ते घरी येऊन कळलं:
खांद्यावरून हात निघतो
आणि एकदम मनगटालाच येतो,
मधे फाटकी कड, बांधणीचा सुटलेला दोरा.

एकोणीस वर्षं ब्लाउज शिवते निपाणीत.
छाती, उंची, मुंढा, बाहीचा घेर,
माझ्या वहीत सगळ्या बायका आकड्यांनी उभ्या.
मला वाटायचं, मला शरीर येतं.
मग एका दुपारी, वीज गेलेली,
खाकी कागदावर खडूनं
काशव्वाचा हात काढायला बसले
आणि निघाली बाही.
आत कुणीच नसलेली.

त्यानंतर वर्षभर मी हात लपवले.
पदराखाली, सुपामागे, कणकेच्या परातीत.
चित्रातल्या बायका
काहीतरी चोरून आणल्यासारख्या उभ्या.
नवरा म्हणाला, चेहरे बरे जमतात तुला.

पुस्तकातला माणूस सोललेला,
उंच, दोन्ही खांदे एका रेषेत.
असा कुणी माझ्या दुकानात आला नाही.
मालनचा उजवा खांदा बोटभर खाली:
अठ्ठावीस वर्षं मांडीवर सूप, मान वाकडी,
दिवसाला हजार विड्या.
उजवीकडचा तीरा मी अर्ध्या इंचानं उतरवते,
तिला न सांगता.
किती, ते मला माहीत होतं.
का, ते नव्हतं.

म्हणून मंगळवारी दुकान बंद ठेवून
संकेश्वरला गेले, शिवरुद्राप्पांकडे.
ते हाडं बसवतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
माझं पुस्तक त्यांनी हातात घेतलं, वजन केलं,
बाजूला ठेवलं.
ओट्यावर एक पोरगं, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेलं,
दात आवळून.
म्हाताऱ्यानं माझी बोटं धरली
आणि माझ्याच कोपरावर नेऊन टेकवली.
मूळे, म्हणाले.
मी ऐकलं: मुळे.
कशामुळे? मी विचारलं.
पोराची आई त्या गडबडीतही हसली,
हाडाला म्हणतात हो कन्नडात.

तीन टेंगळं.
हात सरळ केला की एका ओळीत येतात,
दुमडला की त्रिकोण.
पोराच्या कोपरात तो त्रिकोण मोडला होता,
माझ्या बोटांना लागला,
मग म्हाताऱ्यानं एक हिसका दिला
आणि पोरगं ओरडलं
आणि त्रिकोण झाला.

परतीच्या बसमध्ये दांडीला धरलेले
सगळे हात दुमडलेले. मी मोजत होते.
कंडक्टरनं कन्नडात सुट्टे मागितले,
मी मराठीत नाहीत म्हटलं,
त्यानं तिकीट द्यायला तळवा उलटा केला तेव्हा
आतली दोन हाडं एकमेकांवरून गेली.
मला दिसलं. शप्पथ, शर्टावरून दिसलं.
मी त्याच्या हाताकडे इतकी बघत राहिले
की त्यानं राहिलेले दोन रुपये सोडून दिले.

काल मालनचे हात काढले.
लपवले नाहीत. भर मांडीवर, तेंदूचं पान दुमडताना.
ती बराच वेळ बघत होती.
मला वाटलं, रडेल किंवा काहीतरी.
ती म्हणाली, अंगठ्याचं नख लांब कर गं,
त्याच्यावरच तर सगळं चाललंय.

केलं.
मग खाकी कागदावर माझं कोपर काढून
पुस्तकात चिकटवलं. खळीनं.
वर आकडा घातला, सत्तावन्न.
एकोणसाठचं काय करायचं ठरलेलं नाही.
करंगळी अजून चुकते,
ती दरवेळी दुसऱ्याच कुणाची तरी येते.